दुसरा तुकडा

प्रयोगशाळेत तिला सगळे सुईवाली म्हणायचे. हाडाच्या गाठीचा तुकडा थेट कापता येत नाही. आधी तो आम्लाच्या बाटलीत मऊ करावा लागतो, आणि सुई अलगद आत गेली की समजायचं, झालं. या कामात घाई चालत नाही, हे सांगून सांगून तिनं नव्या मुलींचे कान किटवले होते. तिला कसली आलीय घाई? घरी एकटीचा स्वयंपाक, एकच ताट आणि बोलायला भिंती.

सोमवारी आलेल्या बाटलीवर धाकट्या बहिणीचं नाव होतं. वयही जुळत होतं. गुडघ्याजवळचं हाड. आईच्या आजारपणात कोणी किती केलं यावरून दोघींचं बिनसलं, त्याला नऊ वर्षं झाली होती. गाठ साधी की कॅन्सरची, ते आता वाटाण्याएवढ्या दोन तुकड्यांवरून ठरणार होतं.

तिला धीर धरवेना. बुधवारी सुई जेमतेम रुतली, तरी तिनं एक तुकडा बाहेर काढला. पात्याखाली त्याच्या चिंध्या झाल्या. नव्या मुली एकमेकींकडे बघत राहिल्या. दुसरा तुकडा मात्र तिनं डोळ्यांत तेल घालून सांभाळला. आता चूक परवडणार नव्हती, म्हणून तो सौम्य आम्लात सावकाश मऊ केला, आणि त्यापायी रिपोर्ट दोन दिवस लांबला.

गाठ कॅन्सरचीच निघाली. सुईवालीनं बाथरूममध्ये नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं.

धाकटी रिपोर्ट न्यायला आली ती तावातावानं. इतका उशीर का, म्हणून तिनं खिडकीवरच्या कारकुनाला फैलावर घेतलं. तो बिचारा सगळं मशीनवर ढकलून मोकळा झाला. आत बसलेल्या सुईवालीच्या कानांवर सगळं पडत होतं. ती गप्प राहिली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. ती उठून बाहेर आली.

"मशीनचं काही नाही. तुकडा मीच घाईनं काढला. तुझं नाव बघितलं आणि मला राहवलं नाही गं."

दोघींचेही केस पांढरे झाले होते, आणि ते दोघींनाही आत्ताच कळत होतं. कारकुनानं चष्म्यावरून पाहत सांगितलं, डॉक्टरांनी आत बोलावलंय, पण एकटीनं जायचं नाही. सोबत कोण आहे?

धाकटीनं सुईवालीचं मनगट धरलं.

"ही आहे ना. माझी ताई."