नेसवलेलं तळं

धाकटी चित्रासमोर उभी राहिली आणि गप्प झाली, तेव्हाच थोरलीच्या काळजात धस्स झालं. कारण धाकटी काही गप्प बसणारी बाई नव्हे. चित्र आवडलं तर ती बडबडते, आणि नाही आवडलं तर दुप्पट बडबडते. आज मात्र पिशवी खांद्यावरून न उतरवताच ती नुसती बघत राहिली होती.

दोघी बहिणींच्या कामाची वाटणी कितीतरी वर्षांपूर्वी झाली होती. धाकटी चित्रकार. कुठेच नसलेले मुलूख ती काढायची. चढावर वाहणाऱ्या नद्या, पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर, घरांपेक्षा उंच गवत, असलं काहीबाही तिच्या डोक्यातून निघायचं. आभाळ, पाणी, सावल्या ती स्वतः रंगवायची आणि डोंगर न् शेतं तेवढी कोरी सोडायची. मग थोरली चष्मा पुसून बसायची आणि त्या कोऱ्या जागा वेलबुट्टीने भरून काढायची. पानाला लागून पान, कळीला लागून कळी, तसूभर जागा मोकळी राहायची नाही. ह्या कामाला दोघी 'नेसवणं' म्हणायच्या. डोंगर नेसवून झाला का गं ताई, असं धाकटी स्वयंपाकघरातून ओरडून विचारायची. नियम एकच होता, कोरं ते ताईचं आणि रंगवलेलं ते धाकटीचं. तो आजवर दोघींपैकी कुणी मोडला नव्हता.

"ताई, इथे मी तळं काढलं होतं," धाकटी अखेर म्हणाली. "तू ते भरलंस का?"

तळं? डोंगराच्या पायथ्याशी थोरलीने वेल सोडली होती खरी, पण तिथे तळं होतं हे तिला आत्ता कळत होतं. धाकटीने पांढऱ्यावर पुसटसा करडा हात फिरवला असणार. थोरलीला ते कोरं कापड वाटलं, आणि दोन दिवस मान मोडून तिने इमानेइतबारे अख्खं तळं नेसवून ठेवलं.

डोळ्यांचं दुखणं तिने कुणाला सांगितलं नव्हतं. गेलेली नजर परत यायची नाही, आहे ती जपा, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. गडद रंग अजून दिसत होते, आणि पानं तर हात आपसूक काढायचा. फिकट रंग मात्र एकेक करून निघून चालले होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून ती गप्प राहिली. धाकटी वाईट नव्हती हो. ती मायेनेच म्हणाली असती, ताई, पुष्कळ केलंस, आता आराम कर. त्या आरामाचीच थोरलीला धडकी भरायची. आराम म्हणजे पलीकडच्या खोलीत बसायचं आणि इकडे दुसरंच कुणीतरी ब्रश धुतंय ते ऐकायचं. तिला ना नवरा, ना पोरंबाळं. तिला ह्या वेली होत्या.

"बरं दिसेल असं वाटलं," ती कशीबशी म्हणाली.

धाकटी काही बोलणार तेवढ्यात बेल वाजली. चित्र बघायला गॅलरीवाली बाई येणारच होती, ती आली. आधी लांबून बघितलं, मग कॅनव्हासला नाक लागेल इतक्या जवळून. डोंगर काय, तुमचे नेहमीच छान असतात, ती म्हणाली, पण पाय अडतो तो ह्या तळ्यापाशी. पाण्याला असं मढवलेलं तिने कुठे बघितलं नव्हतं. ही कल्पना कुणाची, असं तिने विचारलं, आणि धाकटीने ओठ आवळून ताईकडे बोट केलं. झालं, बाई थोरलीकडेच वळली. काठाची ही बारीक रेघ मुद्दाम सोडलीत ना, तिने विचारलं. कसली रेघ न् कसलं काय. थोरलीला रेघ दिसतच नव्हती. तिने हो, मुद्दामच, म्हणून मान डोलावली. जाता जाता बाईने आगीत तेल ओतलं. चित्रावर ताईंचंही नाव हवं, ती म्हणाली, आणि पुढची चित्रंही अशीच हवीत.

दार लागलं आणि धाकटीचा बांध फुटला. एवढ्या वर्षांत आपण हिला काय कमी केलं, हिला सही हवी होती तर सरळ मागायची, चित्राची वाट कशाला लावायची, असं ती बोलत सुटली. थोरली खाली मान घालून ऐकत होती. एका वाक्यात सगळं निस्तरता आलं असतं. ते वाक्य ओठांवर आलंही, पण तिने ते गिळलं.

"माझ्यावर जळत होतीस ना तू?" धाकटीने विचारलं.

"हो," थोरली म्हणाली. "जळत होते."

नाही म्हणेल अशी धाकटीची आशा असावी, कारण तिचा चेहरा एवढासा झाला. मग तिने बारीक ब्रश रंगात बुडवून थोरलीच्या हातात कोंबला. घे, माझ्या नावाखाली कर सही, मिरव एकदाची, असं म्हणून ती बाजूला झाली.

थोरली उजव्या कोपऱ्याशी वाकली. कोपरा स्वच्छ होता. धाकटीने अजून सही केलेली दिसत नाही, तेव्हा तिच्यासाठी वर जागा सोडावी, असा विचार करून तिने जरा खाली ब्रश टेकवला. दोन अक्षरं झाली असतील, तोच धाकटीने तिचं मनगट धरलं.

"माझ्या नावावर लिहितेयस तू."

थोरलीने हात मागे घेतला नाही. तिला भयंकर भीती वाटत होती.

"ताई, इथे काय दिसतंय तुला?"

"कोरं," थोरली म्हणाली.

धाकटीने एकदा कोपऱ्यातल्या आपल्या पुसट करड्या सहीकडे बघितलं, एकदा तळ्याकडे, आणि धरलेलं मनगट सोडलं.

"मग जळत होते असं का म्हणालीस?"

"जळकुकडीला कुणी घरी बसवत नाही," थोरली म्हणाली. "आंधळीला बसवतात."