बिलाची ओढाताण

मलेशियातल्या इपोहकडच्या चिनी माणसाची श्रीमंती ओळखायची सोपी खूण आहे. त्याला विचारावं, "काय, कसं चाललंय?" त्याने कपाळाला आठ्या घालून "कसलं काय, पोटापुरतं मिळतं" असं म्हटलं, की समजावं, गडी गब्बर आहे. ज्याचे खरोखर हाल चाललेत तो हसून "मजेत" म्हणतो. फूंग वेंगकिट ऊर्फ किट गेल्या हिवाळ्यापासून अख्ख्या मेलबर्नला मजेत असल्याचं सांगत होता.

तो नोकरीला होता ती बांधकाम कंपनी बुडाली तेव्हा तो त्रेपन्न वर्षांचा होता. इमारतीला किती खर्च येईल याचा अंदाज काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, पण त्रेपन्नाव्या वर्षी ते कौशल्य विकत घेणाराही कुणी भेटला नाही. आता तो शहराच्या उत्तरेला भाजीच्या शीतकोठारात खोकी उचलत होता. पहाटे इस्त्रीचा शर्ट घालून मोठ्या गाडीतून निघायचा, कोठाराच्या फाटकापाशी गाडीतच कपडे बदलायचा. हे त्याची बायको मेयोक हिला माहीत होतं, आणखी कुणाला नाही. ग्लेन वेव्हर्लीतल्या त्यांच्या दुमजली घराला तर आजूबाजूचे लोक अजून वळून बघत.

कोठारात त्याच्या जोडीला नौरोज नावाचा अफगाण होता. नौरोजचंही काम मध्ये गेलं होतं. शुक्रवारच्या नमाजानंतर त्याने ते चारचौघांत सांगून टाकलं. संध्याकाळपर्यंत घरी पिठाच्या गोण्या, तेलाचे डबे येऊन पडले आणि पुढच्या आठवड्यात कुणाच्या तरी मेव्हण्याने त्याला या कोठारात चिकटवलं.

"लाज नाही वाटली?" किटने एकदा विचारलं होतं.

"कसली लाज? त्यांच्यावर वेळ आली तेव्हा मी नव्हतो का गोण्या वाहिल्या? तुमच्यात काय करतात?"

किट नुसता हसला. आमच्यात तक्ता काढतात, असं त्याच्या ओठांवर आलं होतं.

तक्ता खरंच निघायचा. तिथल्या मलेशियन मित्रमंडळाचे अध्यक्ष, दातांचे डॉक्टर खू, दरवर्षी चिनी नव्या वर्षाच्या जेवणाला तो खांबांचा तक्ता भिंतीवर दाखवत. मलेशियातून आलेल्यांची कमाई एवढी, घरं एवढी, शिक्षण एवढं, आणि शेजारी बाकी सगळ्या परदेशांतून आलेल्यांचं. आपला खांब उंच, बाकीच्यांचा बुटका. मग टाळ्या. तो तक्ता वर्षानुवर्षं किटच करून द्यायचा, आकड्यांचा माणूस म्हणून. यंदाही त्यानेच केला. करताना त्याने आपल्या घरची कमाई मनातल्या मनात त्या खांबांशेजारी उभी करून पाहिली. आपल्या खांबाची गोष्टच सोडा, ती बुटक्याच्याही कमरेपर्यंत येत नव्हती. नौरोजच्या घरात निदान तिघे कमावते होते.

हे सगळं त्याने गिळलं असतं. गिळायची त्याला सवय झाली होती. पण नव्या वर्षाला इपोहहून धाकटा भाऊ वेंगफाय आला आणि गिळलेलं घशाशी आलं.

फाय वडिलांचं दुकान चालवायचा. उकडलेली कोंबडी, जाडजूड मुगाचे मोड आणि भाताच्या नूडल्स, एवढंच मिळायचं तिथे, पण सकाळी अकराला जागा मिळणं मुश्कील. ते दुकान विकून बायको स्यूलान आणि मुलांसकट मेलबर्नला यायचं त्याने ठरवलं होतं. एजंटाने पाकशाळेच्या कोर्सवर व्हिसा जमवून दिला होता. वीस वर्षं स्वयंपाक केलेला माणूस फी भरून स्वयंपाक शिकणार होता, आणि दुकानाचे निम्मे पैसे त्या फीतच जाणार होते. बाकीचा भार मोठ्या भावावर. राहायचं भावाकडे, आणि भाऊ आपल्या ऑफिसात कुठेतरी लावून देणारच. गिऱ्हाईक तयार होतं. होकाराचा एक फोन तेवढा राहिला होता.

"मंडळाच्या जेवणानंतर करतो फोन," आदल्या दिवशी स्वयंपाकघरात फाय म्हणाला. "तुझ्या मित्रांच्या पंगतीत बसून मग करतो. शुभ वाटतं."

किट ताटं पुसत होता. "विकू नकोस," तो म्हणाला.

फायचा चेहरा पडला. "का? आम्ही आलो तर अडचण होईल तुला?"

"तसं नाही रे. इथलं काही खरं नाही. माझ्या हातात काही उरत नाही. हे घरसुद्धा बँकेचंच आहे."

फाय खदखदून हसला. मोठ्या भावाला तो लहानपणापासून आको, म्हणजे दादा, म्हणायचा. "परवा डॉक्टर खू हेच म्हणाले. लोकांचे दात उपटून कसंबसं पोट भरतो म्हणे. दारात दोन गाड्या. आको, तुम्ही मोठी माणसं सगळी एकाच शाळेत शिकलात काय?"

नोकरी गेली, दोन शब्द होते. किटने तोंड उघडलं. समोर धाकटा भाऊ उभा होता. दहा वर्षं फोनवरून त्याला "ये रे, इथे माणसं माणसासारखी जगतात" म्हणून आपणच सांगत आलो, हे किटला आठवलं, आणि त्याने पुसलेलं ताट पुन्हा पुसायला घेतलं. स्वतःची त्याला इतकी चीड आली की ते ताट भिंतीवर फेकावंसं वाटलं.

फाय झोपायला गेल्यावर मेयोक म्हणाली, "तू सांगतोस की मी सांगू?"

"मीच सांगतो. उद्या."

"कसं? तू काही बोललास की तो हसतो."

"बोलायचंच नाही. उद्या मी बिल देणार नाही."

मेयोक त्याच्याकडे बघतच राहिली. लग्न होऊन सव्वीस वर्षं झाली होती. हा माणूस काय करायला निघालाय, हे तिला कळलं.

कारण त्यांच्यात बिल देणं हे युद्ध असतं. जेवण संपत आलं की हात धुवायच्या निमित्ताने एक जण गल्ल्याकडे सटकतो, दुसरा त्याची बाही धरतो, तिसऱ्याने जेवणाआधीच कार्ड मालकाकडे देऊन ठेवलेलं असतं. सत्तरीचे म्हातारे पाकिटावरून एकमेकांना ढकलतात आणि बघणाऱ्याला वाटतं आता रक्त निघणार. त्यातही मोठा भाऊ यजमान, धाकटा परगावहून आलेला पाहुणा, आणि दिवस नव्या वर्षाचा. अशा वेळी मोठा भाऊ जागचा हलला नाही, असं कुणी कधी पाहिलेलं नव्हतं. किट तर या खेळातला वस्ताद. त्याने तसं केलं तर एकच अर्थ निघेल, त्याच्याकडे पैसे नाहीत. तोंडाने सांगून जे पटत नाही ते बसून राहून पटेल, असा त्याचा हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉटेल खच्चून भरलं होतं. प्रत्येक टेबलाने आपलं बिल आपण द्यायचं, असा मंडळाचा नियम. आधी कच्च्या माशाची आणि किसलेल्या भाज्यांची परात आली, सगळ्यांनी चॉपस्टिक्स खुपसून ती भरभराटीच्या नावाने उंच उंच उधळली. फायने तर इतकी उंच की गाजराचा कीस किटच्या केसांत अडकला.

मग डॉक्टर खूंनी भिंतीवर तक्ता दाखवला. "बघा," ते म्हणाले, "आपण कुणापुढे हात पसरला नाही. बाकीचे सरकारी मदतीच्या रांगेत दिसतील, आपला माणूस दिसायचा नाही. आणि हा तक्ता कुणी केला माहितीये? आपल्या वेंगकिटने. यातले सगळ्यात वरचे आकडे त्याचेच असणार, पण तो कबूल करायचा नाही."

हशा पिकला. किटनेही हसून हात जोडले. दुसरं काय करणार होता? आपण बांधलेल्या खोलीला दारच ठेवलं नाही, असं त्याला वाटलं. फाय तक्त्याकडे तोंड उघडं टाकून बघत होता.

शेवटी संत्र्याच्या फोडी आल्या. त्या आल्या म्हणजे वेळ झाली.

"जरा हात धुऊन येतो," फाय उठत म्हणाला. शेजारच्या टेबलावरच्या दोन बायका गालात हसल्या. फाय मुद्दाम हळू चालला, बाही धरायला सोपी जावी म्हणून. दोन टेबलं ओलांडून त्याने मागे बघितलं. किट हात मांड्यांखाली दाबून बसला होता. शेजारच्या बायकांचं हसणं थांबलं. एकीने दुसरीला कोपराने ढोसलं. किटच्या कानशिलांना आग लागल्यासारखं झालं होतं. पायांना सवय नव्हती, ते आपोआप उठू बघत होते, पण तो हलला नाही.

फायने गल्ल्यावर पैसे दिले. मग तो तिथेच थबकला, किटकडे एकदा बघितलं आणि परत न येता दाराबाहेर गेला.

"कळलं त्याला," किट हळूच म्हणाला. महिनोन्‌महिने छातीवर बसलेलं ओझं उतरल्यासारखं त्याला वाटलं. मेयोकने त्याच्या केसांतला गाजराचा कीस काढला. फाय थोडा रडेल, रागावेल, मग इपोहला परत जाईल आणि उद्या-परवा पुन्हा कोंबडी उकडेल. एवढंच तर हवं होतं.

फाय परत आला तेव्हा त्याचे डोळे खरंच ओले होते. खुर्ची ओढून तो किटच्या अगदी जवळ बसला.

"आको," तो म्हणाला, "बाबा गेल्यापासून तू मला एकदाही खिशात हात घालू दिला नाहीस. मला वाटायचं, तुझ्या लेखी मी अजून शेंबडा पोरच आहे. मी आलो तर ओझं होईल म्हणून नको म्हणतोयस, असं वाटलं काल. आज सगळ्या लोकांसमोर तू मला बरोबरीचा मानलंस. मी बाहेर जाऊन फोन केला. दुकान दिलं."

किटला आधी नुसते ओठ हललेले दिसले. अर्थ मागाहून पोचला.

मग जे दोन शब्द काल निघत नव्हते ते सहज निघाले, जसं काही कुणी अडवलंच नव्हतं. "माझी नोकरी गेली, फाय. गेल्या हिवाळ्यात. भाजीच्या कोठारात खोकी उचलतो मी."

फाय हसला. हसता हसता त्याने सोबतीसाठी वहिनीकडे बघितलं. मेयोक हसत नव्हती. त्याने पुन्हा भावाकडे बघितलं, भावाच्या हातांकडे, नखांच्या कडेने चिरलेल्या कातडीकडे, आणि त्याचं हसू अर्ध्यावरच थांबलं.

"परत फोन कर," किट म्हणाला. "मोडलं म्हणून सांग."

"शब्द दिला मी. बाबांच्या नावाने दिला." फाय म्हणाला. "स्यूलानलाही लगेच कळवलं. तिने आतापर्यंत गल्लीभर सांगितलं असेल. आनंदाने रडत होती ती."

"मग मी बोलतो तिच्याशी."

"बिल देत नाहीस म्हणजे काय समजायचं मी? एवढं तोंड होतं ना तुला?"

भावाचं दुकान वाचवायला किटने जे केलं, त्यानेच ते घालवलं होतं. इतकी असहायता त्याला कंपनी बुडाली त्या दिवशीही वाटली नव्हती. निदान तेव्हा बुडणारा तो एकटा होता.

तेवढ्यात डॉक्टर खू टेबलापाशी आले. त्यांनी फायच्या पाठीवर थाप मारली. "काय धाकटे बंधू, आज तुम्ही वस्तादाला चीत केलंत. असं पहिल्यांदाच बघितलं. मग, कधी येताय कायमचे?"

किट उभा राहिला. आता त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं. साऱ्या हॉटेलला ऐकू जाईल असं तो सांगणार होता, पार भिंतीवरच्या तक्त्यासकट. "डॉक्टर, तुम्हाला एक सांगायचंय," त्याने सुरुवात केली.

फायने त्याची बाही धरली. घट्ट, आणि खाली ओढलं.

"लवकरच येतोय, डॉक्टर," फाय हसून म्हणाला. "आको सगळं बघतोय आमचं. त्याच्या ऑफिसात माझंही काहीतरी होईल."

"होणारच," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे वळले.

फायने बाही सोडली नाही. डॉक्टरांची पाठ दूर जाईपर्यंत त्याने चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवलं, आणि मग ओठ न हलवता बोलला. "कुणाला सांगायचं नाही, आको. स्यूलानला तर मुळीच नाही. दुकान विकून मी कशाच्या मागे गेलो असं लोक विचारतील, तेव्हा दाखवायला माझ्याकडे तूच आहेस."

किट खाली बसला. मेयोकने मान फिरवून खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

फायने बशीतली संत्र्याची फोड उचलली, सोलली आणि न खाताच परत ठेवली. मग त्याने भावाकडे न बघता विचारलं, "त्या कोठारात अजून माणसं घेतात का?"