वाढत्या मापाची खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. उंच पायांची, पुढे ताट ठेवायला फळी असलेली, बाळाला जेवायला बसवतात ती. जन्मापासून एकाच घरात आहे, त्यामुळे तिथलं मला सगळं ठाऊक. कोण कुणावर रुसलंय, साखर कुणी सांडली आणि नाव कुणाचं घेतलं, सगळं. पण खुर्चीला तोंड नसतं. असतं, तर त्या घराचे तीन महिने वाचले असते. तेच सांगायला आज बसलेय. म्हणजे मी उभीच आहे, तुम्ही बसा.

मला घडवलं आजोबांनी. खाली त्यांचं सुतारकामाचं दुकान, वर घर. पन्नास वर्षं त्यांनी लोकांना टेबलं, कपाटं, खिडक्या करून दिल्या. सून सातव्या महिन्यात होती तेव्हा त्यांनी एक जुना पलंग मोडला आणि त्याच्या लाकडातून मला काढलं. असा हात फिरवला माझ्यावर की कुठे एक कुसळ लागायचं नाही. कोपरे गोल, सांधे घट्ट, एक खिळा दिसणार नाही. मी तयार झाले तेव्हा ते दोन पावलं मागे गेले आणि नुसतं "हं" म्हणाले. त्यांचं "हं" म्हणजे इतरांच्या चार हारांएवढं.

आता त्या घराची एक रीत सांगायला हवी. तिथे सगळं वाढत्या मापाचं. मुलाला शाळेचा सदरा घेतला की बाह्या दोन वर्षं दुमडलेल्या. बूट घेतले की पुढे कापूस कोंबलेला. मुलगा आता बाप व्हायला आला होता, तरी त्याच्या लग्नाचा कोट त्याला खांद्यात सैल. तो स्वतःच सांगायचा, "बाबा म्हणाले, असू दे, वाढशील."

त्यानेच मला पाहून विचारलं, "बाबा, बाळ अजून यायचंय. माप कुणाचं घेतलंत?"

"तीन वर्षांच्या पोराचं," आजोबा म्हणाले. "बाळ काय जन्मभर बाळ राहणार आहे? लाकूड कापून लहान करता येतं, ओढून लांब करता येत नाही."

मुलगा हसला. मीही तेव्हा त्यात वावगं काही पाहिलं नाही. आपण मोठ्या कामासाठी जन्मलोय, असं वाटून उलट जरा फुगलेच.

मुलगी झाली. गोल, टपोरी. आजोबांनी तिला "गुंडी" म्हणायला सुरुवात केली आणि खरं नाव कागदावरच राहिलं. गुंडीचं सगळं वेळच्या वेळी झालं. मान धरली, पालथी पडली, पालथी पडून रडली, मग सुलटी व्हायला शिकली. सहाव्या महिन्यात आधार दिला की बसायला लागली. शेजारच्या काकू दिवसातून दोनदा वाटी परत द्यायला यायच्या, बहुधा तीच वाटी. त्या म्हणाल्या, "आता हिला वरचं खायला सुरू करा. पोटाला दूध पुरायचं नाही."

म्हणून एका सकाळी गुंडीला माझ्यावर बसवलं.

इथेच सगळं बिनसलं. माझी बैठक खोल आणि रुंद, गुंडी त्यात वाटाण्यासारखी. पाठीमागे वीतभर जागा मोकळी. फळी तिच्या हनुवटीला लागलेली, त्यामुळे वाटीत काय आहे ते तिला दिसायचं नाही. आणि पाय? पाय टेकवायची पट्टी माझ्या खूप खाली होती. तिची पावलं हवेत लोंबत होती.

दोन चमचे केळं गेलं. तिसऱ्याला ती एका बाजूला कलली. चौथ्याला घसरली आणि फळीखाली निम्मी गायब झाली. आईने तिला वर ओढलं, ती पुन्हा घसरली. अंग सावरायचं की गिळायचं? या प्रश्नात तिने खाणं सोडलं. तोंड घट्ट मिटलं, मान फिरवली.

"नाटकं आहेत," आजोबा म्हणाले. "सवय होईल."

सवय झाली नाही. दिवसातून तीन वेळा तीच लढाई. बटाटा, गाजर, सफरचंद, सगळं कुस्करून, गाळून, कोमट करून झालं. बापाने चमच्याची गाडी केली, बोट केली, एकदा तर तो डोक्यावर पातेलं घालून नाचला. गुंडी हसली, आणि हसताना तोंड उघडलं म्हणून आजोबांनी चमचा घातला. तेव्हापासून ती हसायचीही बंद झाली. काकू म्हणाल्या, "दृष्ट नाही हो, दात येत असतील." दात आले. दोन खाली, दोन वर. खाणं आलं नाही.

खाल्लं नाही म्हणून बाटलीभर दूध, दूध पोटात म्हणून भूक नाही, भूक नाही म्हणून पुन्हा खाल्लं नाही. हे चक्र मी वरून बघत होते.

आणि आणखी एक गोष्ट बघत होते, जी कुणी बघत नव्हतं. गुंडी रांगायला लागली होती. फरशीवर सांडलेला गाजराचा तुकडा तिला दिसला की ती फतकल मारून बसायची, अंगठा आणि बोट जुळवून तो चिमटीत उचलायची आणि निवांत चावायची. आईने मांडीवर घेऊन भरवलं तरी चार-सहा चमचे जायचे. पण आजोबा आले की आई तिला उचलून माझ्यात ठेवायची. सासऱ्यांनी एवढ्या हौसेने केलेली वस्तू, त्यांना वाईट कसं वाटू द्यायचं?

शिवाय दुसरी अडचण होती. आई टपाल कचेरीत खिडकीवर कामाला. तिची रजा पुढल्या महिन्याच्या एक तारखेला संपत होती. मग दिवसभर गुंडी आजोबांकडे. आजोबांचं एक मनगट जुन्या दुखण्याने अधू, एका हाताने वळवळती गुंडी धरून दुसऱ्याने भरवणं त्यांना जमेना. म्हणजे ती खुर्चीत जेवली तरच आईची नोकरी.

नवव्या महिन्यात आरोग्य केंद्रात वजन केलं. दोन महिन्यांपूर्वी होतं तेवढंच, काटा एक घरही पुढे सरकला नव्हता. डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे बघू. नाही वाढलं तर दाखल करून नाकातून नळीने अन्न द्यावं लागेल.

आई घरी आली, पिशवी माझ्या फळीवर ठेवली आणि चप्पल न काढताच बोलली, "मी राजीनामा लिहून टाकते. माझ्याच हाताला गुण नाही. बाकीच्यांची मुलं खातात."

नवरा म्हणाला, "अगं, तीन आठवडे तर आहेत."

"तीन महिने होते. काय झालं?"

आजोबा दारात उभे होते. ते खाली दुकानात गेले. थोड्या वेळाने रंध्याचा आवाज आला. त्यांना काही सुचेनासं झालं की ते असंच कुठलं तरी लाकूड तासत बसत.

चार दिवसांनी केंद्राची नर्सबाई घरी आली. ठेंगणी, घाईची, बोलायला फटकळ. म्हणाली, "मला काही सांगू नका. रोज भरवता तसं भरवा. मी बघते."

भरवलं. रोजचंच झालं. नर्सबाईने गुंडीच्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही. ती वाकली आणि फळीखाली बघत राहिली. मग उठून म्हणाली, "आजोबा, त्या ओट्यावर चढून बसा."

"मी?"

"तुम्हीच. काठावर नाही, मागे सरका. पाय सोडा. पाठ टेकायची नाही."

आजोबा स्टुलावर पाय देऊन ओट्यावर बसले. सुनेने पदराआड तोंड लपवलं, मुलाने तेवढंही केलं नाही. नर्सबाईने एक मोठा डबा त्यांच्या मांडीवर ठेवला, हनुवटीपर्यंत येईल असा, त्यावर गुंडीची वाटी. "आता खा."

आजोबांनी चमचा उचलला. पाय लोंबत होते, डबा हलत होता. अधू हाताने डबा सावरला तर चमचा कलला, चमचा सावरला तर ते स्वतः पुढे झुकले. बटाटा सदऱ्यावर सांडला.

"नाटकं करताय का?" नर्सबाईने विचारलं.

कुणी हसलं नाही.

"तुम्ही धडधाकट माणूस. हिला बसायला शिकून तीन महिने झालेत. पाय टेकल्याशिवाय मूल नीट बसत नाही, आणि नीट बसल्याशिवाय नीट गिळत नाही. हिला दिवसभर फक्त न पडण्याचं काम आहे. आणि हाताला धरून कोंबणं बंद. दुधाची बाटली जेवणाआधी बंद." एवढं सांगून ती चहासुद्धा न घेता गेली.

आजोबा ओट्यावरून उतरले. सदरा झटकला. "खुर्चीत दोष नाही," ते म्हणाले. "मूल लहान आहे."

सून सहसा उलट बोलायची नाही. त्या दिवशी बोलली. "लहान असणं हा तिचा दोष नाही ना, बाबा."

आजोबा खाली गेले. त्या दिवशी रंध्याचा आवाजही आला नाही.

दुसऱ्या दिवशी आईने वाट पाहिली नाही. चपलांचा खोका घेतला, त्यात जुनी वर्तमानपत्रं ठासून भरली आणि सुतळीने माझ्या पट्टीवर बांधला. तरी उंची कमी, म्हणून त्यावर आणखी एक खोका. पाठीमागे टॉवेलची गुंडाळी, खाली उशी. खरं सांगू? मला लाज वाटली. एवढं गुळगुळीत अंग आणि त्यावर सुतळीच्या गाठी.

गुंडीला बसवलं. तिची पावलं खोक्यावर टेकली. तिने एक पाय दाबून पाहिला, मग दुसरा. फळीवर काय आहे ते तिला पहिल्यांदाच वरून दिसलं. उकडलेल्या गाजराचा तुकडा तिने चिमटीत धरला, उलटा करून पाहिला आणि तोंडात घातला. आईने हातातला चमचा खाली ठेवला. गुंडीने दुसरा तुकडा उचलला.

सहा तुकडे गेले. फार नव्हे, सहा. पण चालू जेवणात खोका दबला, सुतळी सरकली आणि गुंडी पुन्हा घसरली. तिने भोकाड पसरलं.

आजोबा कधीपासून दारात होते कुणास ठाऊक. ते आत आले, सुतळीकडे बघितलं. मी म्हटलं, आता काही खरं नाही. पन्नास वर्षांच्या कारागिराच्या कामाला खोका बांधायचा म्हणजे त्याच्या तोंडावर मारल्यासारखंच.

"सोड ती सुतळी," ते म्हणाले.

"बाबा, तिने खाल्लं. सहा तुकडे."

"बघितलं मी. म्हणूनच सोड म्हणतोय. सुतळीवर माझी नात बसवायची नाही. तिला धर जरा."

आईने गुंडीला उभं धरलं. आजोबांनी खिशातली मोजपट्टी काढली, खाली बसले आणि गुडघ्यापासून टाचेपर्यंत लावली. गुंडीने पाय झाडला. त्यांनी पुन्हा लावली. मग मांडीची लांबी, मग कंबरेपासून कोपरापर्यंत. आकडे कानामागच्या पेन्सिलीने तळहातावर लिहिले.

"एवढंसंच आहे गं," ते म्हणाले. सुनेला म्हणाले की स्वतःला, कळलं नाही.

मला खाली नेलं. करवत लागली तेव्हा मी कुरकुरले नाही. दोन्ही बाजूंच्या पायांना त्यांनी खालपासून वरपर्यंत भोकं पाडली, पट्टी काढून सर्वांत वरच्या भोकात बसवली. बैठकीत मागे सरकती पाठ टाकली. फळी तिच्या कोपराशी येईल एवढी खाली घेतली. पन्नास वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच स्वतःचं पुरं झालेलं काम कापलं असेल. संध्याकाळी मला वर आणलं. ते काही मागे सरून उभे राहिले नाहीत. नातीला आणायला गेले.

एका दिवसात सगळं सुधारलं, असं सांगितलं तर ते खोटं होईल. माझ्या जवळ आणलं की गुंडी पहिले तीन-चार दिवस कमरेत ताठ व्हायची. तीन महिन्यांची भीती ती, काय एका पट्टीने जाते? आजोबांनी चमचा हातात घेणं सोडलं. ते समोर स्टुलावर बसून स्वतःचं गाजर खायचे आणि तिच्याकडे बघायचेही नाहीत. पाचव्या दिवशी तिने हात लांब करून त्यांच्या ताटलीतलं उचललं. आजोबा म्हणाले, "चोर कुठली," आणि ताटली जरा पुढे सरकवली.

तीन आठवड्यांनी वजन केलं. काटा पुढे सरकला होता. भरभरून नाही, पण सरकला. डॉक्टर म्हणाले, नळीची गरज नाही. नर्सबाई तिथेच होती. तिने आजोबांना फक्त एवढंच विचारलं, "पाय?"

"टेकतात," आजोबा म्हणाले.

एक तारखेला आई कामावर गेली. दुपारी दुकानातल्या फोनवर तिने विचारलं, "जेवली का?" आजोबा म्हणाले, "जेवली. अर्धं मला भरवलं, ते धरायचं की नाही ते तू ठरव."

याला आता चार वर्षं होत आली. गुंडी मोठ्यांच्या टेबलावर जेवते, तिचे घास आता कुणी मोजत नाही. माझ्या फळीवर तिच्या दातांच्या खुणा आहेत, एका कडेला रंग उडालाय. मधली दोन वर्षं मी माळ्यावर होते, अंगावर बरण्या आणि धूळ. तक्रार नाही. मूल वाढलं की खुर्चीने माळ्यावरच जायचं असतं.

आज मला खाली काढलं. काकूंच्या लेकीला बाळ झालंय, सहा महिन्यांचं. जावई मला न्यायला आला होता, सोबत दोरी घेऊन, गाडीला बांधायला. आजोबांनी मला पुसलं, सांधे हलवून बघितले आणि जावयाला विचारलं, "बाळ कुठंय?"

"घरी. का हो?"

"मग खुर्ची कशी देऊ? जा, घेऊन ये त्याला."

"अहो आजोबा, आता तो झोपलाय."

"उठू दे. मला घाई नाही."

जावई गेलाय. आजोबा दुकानाच्या पायरीवर मोजपट्टी घेऊन बसलेत, मी त्यांच्या बाजूला.

तुमच्याही घरी कुणी तोंड मिटून बसत असेल. रागवा, लाड करा, तुमचं घर तुम्हाला माहीत. पण त्याआधी एकदा वाकून टेबलाखाली बघा. बास, एवढंच म्हणायचं होतं. रस्त्याच्या टोकाला ते येताना दिसताहेत, बाळ बापाच्या खांद्यावर आहे आणि आजोबा उठून उभे राहिलेत.