उलट्या सावलीची खिडकी

मी खिडकी बोलतेय. म्हणजे पुरती खिडकी नव्हे हं. आधीच सांगून टाकते, नाहीतर मागाहून फसवलं म्हणाल. मी भिंतीवर रंगवलेली खिडकी आहे. दगडी चौकट रंगाची, हिरवी झडप रंगाची, झडपेची किलकिली फटसुद्धा रंगाचीच. जेनोवाबाहेरच्या टेकडीवर समुद्राकडे तोंड करून एक जुनी हवेली आहे. तिच्या दर्शनी भिंतीवर, वरच्या मजल्यावर, उजवीकडून दुसरी ती मी. मध्यंतरी चार महिने माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

साडेचारशे वर्षांपूर्वी हवेली बांधली तेव्हा मालकाला भिंतीची डावी-उजवी बाजू अगदी सारखी हवी होती. डावीकडे खऱ्या खिडक्या झाल्या. उजवीकडे भिंतीआड जिना आला, तिथे खिडकी काढता येईना. मग काय, बोलवा चित्रकाराला! इथली रीतच ती. जिथे दगड पोचत नाही तिथे रंग पोचतो. खांब, कोनाडे, पुतळे, सगळं रंगवून मोकळे होतात.

चित्रकाराचं नाव लाझारो. तो कागदावर खिडकी काढायचा, रेघांवर सुईने भोकं पाडायचा, कागद ओल्या गिलाव्यावर धरायचा आणि वरून कोळशाच्या पुरचुंडीने थोपटायचा. भिंतीवर ठिपके उमटले की त्यावरून रंगवायचं. रोज एक खिडकी, एवढाच गिलावा. एकाच कागदावरून आम्ही पाच बहिणी उतरलो. माझ्या दिवशी कागद धरला त्याच्या बायकोने, पेल्लिनाने, आणि घाईघाईत तो पालथा धरला. झालं! चौघींची डावी झडप किलकिली, सावली उजवीकडे. माझं सगळंच उलटं.

"अगं बये, काय करून बसलीस हे!" लाझारोने कपाळावर हात मारला.

"मी? आणि दिवसभर रंगवताना तुझे डोळे कुठे गहाण पडले होते?"

"आता खरवडायचं म्हटलं तर दिवस बुडाला. चुना कुणाच्या बापासाठी थांबत नाही."

"मग राहू दे. एवढ्या उंचावर कोण बघतंय?"

कोण बघतंय! सगळे बघतात हो. बागेत उभं राहायचं, माना वर करायच्या आणि बोट दाखवायचं, "ती बघ, बाकीच्यांची सावली तिकडे, हिची इकडे." माणसाला शंभर गोष्टी नीट दिसल्या तरी बोट चुकीवरच जातं. एकदा मात्र एक प्रेमवीर असा भेटला की त्याला मी खरी वाटले. तीन दिवस तिन्हीसांजेला येऊन तो मला खडे मारायचा. त्याची लाडकी चार खिडक्या सोडून पलीकडे, तोंडात रुमालाचा बोळा कोंबून हसत होती. खडे लागले, पण मला काय बरं वाटलं म्हणून सांगू!

पुढे मालक बदलले. खाऱ्या वाऱ्याने माझा हिरवा रंग खाल्ला, कुणी ढुंकून पाहिलं नाही. आतला जिना काढून तिथे खोली केली, बिनखिडकीची. तिथे आता राखणदार देल्फिना आणि तिचा नवरा उगो राहतात. उगोने चाळीस वर्षं इथली बाग राखली. गेल्या हिवाळ्यात ऑलिव्ह उतरवताना शिडीवरून पडला, खुबा मोडला, तेव्हापासून अंथरुणाला खिळला. दुसरी जागा म्हणजे बोळाएवढं स्वयंपाकघर, तिथे खाट मावत नाही. दिव्याच्या उजेडात त्याला सकाळ-संध्याकाळ कळत नाही. देल्फिना दूधकॉफीत फोकाच्या नावाचा इथला चपटा पाव बुडवून भरवते, तेव्हा तो विचारतो, "हे सकाळचं की कालचं?" माझ्यासमोर दिवसभर समुद्र, आणि वीतभर भिंतीपलीकडे तो माणूस अंधारात. हे मला कळत नव्हतं असं नाही.

देल्फिनाने अर्ज केला: माझ्या जागी खरी खिडकी पाडू द्या. जुन्या वास्तूंच्या कचेरीतून उत्तर आलं: चित्र मागाहून कुणी काढलेलं असेल तर परवानगी, मूळचं असेल तर हात लावायचा नाही.

नान्दो गवंडी परांचीवर चढला, मला निरखून खो खो हसला. "देल्फिनाबाई, निर्धास्त राहा! ही कसली मूळची? कुण्या पिदाडाने नंतर थापलीय. सावली तरी बघा!" आणि त्याने माझ्या छातीवर खडूने फुली मारली.

बाई गं! जन्मभर जिच्यापायी टोमणे खाल्ले तीच सावली आता जिवावर उठली. पण खरं-खोटं ठरवणार होती कचेरीची जाणकार बाई, आणि तिला यायला चार महिने लागले. रोज सकाळी पहिला हातोडा वाजला की वाटायचं, आला नान्दो! मग कळायचं, शेजारी कुणाचा तरी नळ दुरुस्त होतोय.

जाणकार बाईचं नाव इलारिया. तिने सावलीकडे पाहिलंच नाही. डोळे मिटून माझ्या कडेवरून बोट फिरवलं. नंतरच्या दिवशीचा गिलावा आधीच्या दिवशीच्या गिलाव्यावर थोडा चढतोच. माझ्या धाकट्या बहिणीची कड माझ्यावर चढली होती, म्हणजे मी तिच्याही आधीची. मग तिला कोळशाचे ठिपकेही दिसले आणि ती हसायलाच लागली.

"अहो, कागद पालथा धरलाय! ही मूळची आहे, देल्फिनाबाई. चुकलेली आहे, पण मूळची."

मी वाचले! आनंदाने मला काही सुचेना. खाली देल्फिना नुसती उभी होती. तिने हातातला रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि आत गेली. पाठीमागून मला दोघांचं बोलणं ऐकू आलं.

"काय म्हणाली ती पोरगी?" उगोने विचारलं.

"अस्सल आहे म्हणे. खरी खिडकी."

"खरी आहे?" म्हातारा खूश झाला. "मग उघड की गं!"

तो थट्टा करत होता की काय, मला कळलं नाही. देल्फिना हसली नाही. माझा सगळा आनंद तिथेच विरला. चार महिने मी फक्त माझ्याच जिवाला भ्यायले होते, लाज वाटते सांगायला. तो अजून रोज विचारतो, "उघडलीस का?" आणि ती म्हणते, "उघडते हं, वारा पडू दे."

मला बघायला आता लोक मुद्दाम येतात, कागदाची गोष्ट ऐकून वाहवा करतात. तुम्हीही याल. फोटो काढा, हसा, काही म्हणणं नाही. पण जाता जाता त्या कचेरीत तेवढं एक वाक्य कळवा: खिडकीची काही हरकत नाही.