पडद्यामागून कोणी आलं नाही

फोटो वाईट असता तर ताईने एकवेळ सोडून दिलं असतं. दोन शब्द सुनावले असते, दिवसभर अबोला धरला असता आणि संध्याकाळी मुकाट्याने चहाचा कप पुढे सरकवला असता. पण फोटो चांगला होता. नुसता चांगला नव्हे, त्या स्टुडिओत आजवर निघालेल्या सगळ्या फोटोंच्या वरचढ होता. तो बारक्याने काढला होता, आणि कसा काढला ते तिला माहीत होतं. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती, ती काही केल्या उतरायला तयार नव्हती.

बारक्या म्हणजे तिचा धाकटा भाऊ. लहानपणी काटकुळा होता म्हणून पडलेलं नाव, आता शर्टाची बटणं पोटावर तटतटायची तरी चिकटलेलंच होतं. दोघं भावंडं मिळून कुत्र्यांचे फोटो काढायची. तेही साधेसुधे नाहीत, सोंगं घेतलेले. कुणाचा बुलडॉग काळा झगा घालून न्यायाधीश व्हायचा, कुणाची लांब कानांची कुत्री खाकी पिशवी अडकवून पोस्टमन व्हायची. एक घोड्याएवढा कुत्रा डोक्याला फडकं बांधून भाजीवाला झाला होता आणि पुढ्यात मांडलेली निम्मी गाजरं फोटोआधीच फस्त करून बसला होता. लोक आधी नाकं मुरडायचे, यांना दुसरे उद्योग नाहीत का म्हणायचे, आणि आठवडा उलटला की आपलंच कुत्रं काखोटीला मारून दारात हजर व्हायचे.

माणसाला हस म्हटलं की तो दात काढतो. कुत्र्याला काय सांगणार, कपाळ? ताई कॅमेरा घेऊन फरशीवर पालथी पडायची आणि थांबायची. कोपरं सोलवटायची, मान आखडायची, तरी थांबायची. बांधायचं नाही, दटावायचं नाही, गुंगीचं औषध द्यायचं नाही. आणि शेवटी पडदा. कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला, कपडे ठेवायच्या कोनाड्यावर, एक जाड काळा पडदा होता. कुत्र्याचा घरात ज्याच्यावर सगळ्यात जास्त जीव, त्या माणसाला त्या पडद्यामागे उभं करायचं. सगळं जुळून आलं की ताईने टिचकी वाजवायची आणि आतून एकच हाक यायची. कान टवकारायचे, मान कलायची, आणि डोळ्यांत असं काही उजळायचं की कुठल्याही लाइटच्या बापाला जमणार नाही. खटाक! झाला फोटो.

त्यानंतर त्या माणसाने लगेच बाहेर यायचं. हा ताईचा कायदा होता आणि त्यात सवलत नव्हती. एकदा एक साहेब हाक मारून झाल्यावर आतच फोनवर बोलत उभे राहिले, तर तिने पडदा सर्रकन ओढून त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं होतं. "हाक मारलीत ना? मग या समोर! त्याच्या तोंडाला पानं पुसता होय?" साहेब वरमले. त्यांच्या कुत्र्याने त्यांना चाटून चाटून त्यांचा टाय ओला केला.

सोंगांचे कपडे शिवायचे अण्णा, या दोघांचे वडील. जन्मभर माणसांचे कपडे शिवले आणि म्हातारपणी कुत्र्यांचे कोट हातात आले, त्याची त्यांना भारी गंमत वाटायची. "माणसं मापाला उभी राहिली की पोट आत घेतात, हे बिचारे घेत नाहीत," म्हणायचे. त्यांच्या मशीनच्या पायाशी त्यांचा कुत्रा पडलेला असायचा. तपकिरी, थोराड, एका कानाने लोंबता. त्याचं नाव कारकून. दिवसभर टेबलाला चिकटून बसतो, काडीचं काम करत नाही आणि जेवायची वेळ झाली की सगळ्यांच्या आधी उठतो, म्हणून कारकून. अण्णा त्याला हाक मारायचे तीही ठरलेली: "कारकून, ए कारकुना, ऊठ रे, सुट्टी झाली!"

अण्णा गेले ते अचानक. दुपारी जरा आडवे होतो म्हणाले आणि उठलेच नाहीत. कारकुनाने त्या दिवसापासून अन्न सोडलं. मशीनखाली तोंड घालून पडून राहायचा. ताईने त्याच्यासाठी जे केलं ते तिने स्वतःच्या दुःखासाठी केलं नाही. वाडगं घेऊन त्याच्याशेजारी फरशीवर बसायची, बोटावर उकडलेलं अंडं घेऊन त्याच्या ओठाला लावायची, शिव्या द्यायची, गोंजारायची, परत शिव्या द्यायची. एका सकाळी त्याने बोट चाटलं. मग हळूहळू अर्धं वाडगं रिकामं व्हायला लागलं. शेपटीचं टोक हललं त्या दिवशी ती मोरीत जाऊन नळ सोडून रडली.

आणि इतकं सगळं झाल्यावर बारक्याने हा पराक्रम केला.

ताई त्या दिवशी बाहेर गेली होती, कुणाच्या तरी घरी नुकत्याच झालेल्या पिल्लांचे फोटो काढायला. बारक्या स्टुडिओत एकटा. निरनिराळ्या कामधंद्यांच्या सोंगांची जी फोटोंची मालिका चालली होती, तिच्यात शिंपी तेवढा राहिला होता. ताई परत आली तेव्हा मशीनवर कापड पसरलेलं, लाइट चालू, आणि कारकून गळ्यात मापाची टेप घेऊन काळ्या पडद्यासमोर बसलेला. ताईची चाहूल लागली तरी त्याने मान वळवली नाही.

"आधी बघ, मग बोल," बारक्या कॅमेरा तिच्या तोंडासमोर नाचवत म्हणाला. त्याचा चेहरा नुसता फुलला होता.

ताईने पाहिलं. मशीनमागच्या स्टुलावर कारकून, पुढचे पंजे कापडावर, मान कललेली, लोंबता कानसुद्धा उभा. आणि ते डोळे! तिच्या अंगावर सरसरून काटा आला. क्षणभर तिला नुसता आनंद झाला, आणि त्या आनंदाचाच तिला पुढे सगळ्यात जास्त राग आला.

"हाक कोणी मारली?" तिने विचारलं.

"अगं, लाइट बघ ना, कसा पडलाय—"

"बारक्या, हाक कोणी मारली?"

त्याने खिशातल्या फोनवर हात ठेवला. कधीतरी मशीनवर बसलेल्या अण्णांचा व्हिडिओ त्याने काढला होता. त्यात ती हाक होती. फोन पडद्यामागे ठेवून त्याने ती वाजवली होती.

"ही युक्ती तुझीच ना? मी काय वेगळं केलं?" तो म्हणाला.

"काय वेगळं केलंस? अरे मेल्या, हाक मारली की माणूस बाहेर येतं! कोण आलं बाहेर? सांग ना, कोण आलं? मशीनखाली वाट बघून बघून आत्ता कुठे त्याने तो नाद सोडला होता. अण्णा नाहीत हे त्याचं त्याने कसंबसं पचवलं होतं. आणि तू त्याला सांगितलंस की आहेत! इथेच आहेत, पडद्यामागे आहेत, आणि बाहेर येत नाहीत!"

"इतकं काय ते... कुत्रा आहे, विसरेल."

"तू विसर. तुला येतं ते."

कारकून विसरला नाही. ताईने पडदा बाजूला करून त्याला आतला कोनाडा दाखवला. त्याने आत जाऊन खुंट्यांवरचे कोट हुंगले, भिंत हुंगली, कोपरे हुंगले आणि बाहेर येऊन पुन्हा समोर बसला. नाकापेक्षा त्याचा कानांवर विश्वास होता. वाडगं जसंच्या तसं राहायला लागलं. बोटावरचं अंडं त्याने हुंगलंही नाही. त्याला उचलून प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं तर त्यांनी पोट दाबून पाहिलं, हिरड्या पाहिल्या आणि सरळच सांगितलं, "आजार काही नाही. पण वय झालंय. खाल्लं नाही तर फार दिवस काढणार नाही हा."

आणि इकडे बारक्याने तो फोटो मोठा करून दर्शनी काचेत टांगला! ताईने काढला की हा परत लावायचा. म्हणे, अण्णांची आठवण आहे. म्हणे, रस्त्यावरचे लोक थांबून बघतात. थांबायचेच. काचेला नाक लावून वाहवा करायचे, आणि त्याच काचेच्या आत, थोडं पलीकडे, तोच कुत्रा बरगड्या दाखवत बसलेला असायचा, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसायचं. ताईला वाटायचं, एकेकाची मान धरून वळवावी.

एका सकाळी बाई आल्या. बारक्याला तिसरीत शिकवलेल्या, आता निवृत्त, अंगाने वाळलेल्या, पण आवाज अजून वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा. काखेत चिमणी नावाची पांढरी कुत्री. बाईंचे यजमान मागच्याच वर्षी गेले होते.

"फोटो कुणी काढला रे? तू? शाबास," बाई म्हणाल्या. "डोळ्यांत असा भाव कसा आणलास?"

बारक्या ताईकडे चोरटं बघत म्हणाला, "असंच, बाई... हाक मारून."

"असंच काय म्हणतोस? सांग ना," ताई कडाडली. "चांगलं मिरवतोयस ना काचेत? मग पुरतं सांग. मेलेल्या बापाचा आवाज लावला म्हणून सांग!"

बाई दचकल्या नाहीत. त्या हळूच खुर्चीवर बसल्या, पर्समधून फोन काढला आणि म्हणाल्या, "मला तेच विचारायचं होतं. बाहेर कुणीतरी म्हणालं तसं. माझ्याकडे यांचा आवाज आहे. रोज संध्याकाळी हिला म्हणायचे, चिमणाबाई, निघायचं का? तेवढंच आहे. चिमणीचा असाच एक फोटो काढून दे मला."

ताई तोंड उघडणार होती. पण तिने दात आवळले आणि भावाकडे पाहत राहिली. बोल म्हणावं आता. लाव आवाज. तुझाच धंदा आहे.

बारक्या खुळ्यासारखा उभा होता. बाईंचं बोट फोनवर फिरत होतं, चष्मा वर करून त्या काहीतरी शोधत होत्या. चिमणी त्यांच्या मांडीवर डोळे मिटून पेंगत होती. "हे बघ, सापडलं," बाई म्हणाल्या, आणि बारक्या अक्षरशः झेपावला. त्याने त्यांच्या हातासकट फोन मुठीत गच्च धरला.

"लावू नका, बाई!"

"अरे, हात सोड! हे काय?"

"लावू नका. पाया पडतो तुमच्या."

"तुझ्या वडिलांचा लावलेला चालतो आणि आमच्या यांचा नाही?" बाईंचा आवाज चिरकला. "मला फक्त एवढं बघायचंय, की त्यांची हाक ऐकून अजून कुणाचे तरी डोळे असे होतात. माझ्या घरात आता त्यांचं नावसुद्धा कुणी काढत नाही. काय जातं रे तुझं?"

"तो फोटो हाक आली त्या क्षणाचा आहे, बाई. पुढचं फोटोत नाही. पुढचं ते बघा तिथे." त्याने पडद्याकडे बोट केलं. "तेव्हापासून उठला नाही तो. खात नाही. आणि तो तर कुत्रा आहे... बटण मी दाबलं होतं. माझ्या हाताने. तरी हाक आल्यावर मीसुद्धा मागे वळून बघितलं."

बाईंनी कारकुनाकडे पाहिलं. मग फोन पर्समध्ये टाकला, चिमणीला छातीशी घट्ट धरलं आणि उठल्या. "काचेतला तो फोटो आधी काढ," त्या दारातून म्हणाल्या. "माझ्यासारख्या अजून येतील."

बारक्याने फोटो काढला. फ्रेम भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि ताईसमोर येऊन उभा राहिला, चुकलेली पाटी दाखवायला आणल्यासारखा.

"आता काय हार घालू तुला?" ताई म्हणाली. तिला भावाची दया येत होती आणि त्या दयेचाही तिला संताप येत होता. आपण एवढे दिवस घसा फोडत राहिलो आणि स्वतःही वळून बघितल्याचं हा आज सांगतोय, तेही परक्या बाईला! "फोटो उतरवलास म्हणून याचं पोट भरणार आहे? वाडगं घे. बस त्याच्याजवळ."

तो मांडी घालून फरशीवर बसला. पोट मध्ये येत होतं, नीट बसताही येईना. त्याने अंडं कुस्करून बोटावर घेतलं आणि कारकुनाच्या तोंडाजवळ नेलं. कारकुनाने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पडद्याच्या खालच्या काठावर त्याची नजर होती, जिथून पहिल्यांदा पाय दिसतात तिथे.

"खात नाहीये, ताई."

"नाहीच खाणार. हात तसाच धर."

"किती वेळ?"

"तो जेवढा बसलाय तेवढा," ताई म्हणाली.

बारक्याने दुसरा हात बोट पुढे धरलेल्या हाताखाली टेकू म्हणून लावला आणि तोही पडद्याकडे तोंड करून बसला.