मागच्या बाकावरून न दिसणारा फळा

मित्रांनो, तीर्थपुरीजवळच्या एका माध्यमिक शाळेत नववीच्या वर्गात टांगलेला जुना लाकडी फळा तो मी. सुताराने घडवले तेव्हा माझा रंग काजळासारखा होता. माझ्यावरची अक्षरे पार दारातून वाचता यायची. खडू हातात मिळावा म्हणून मुले हट्ट करायची.

पुढे वर्षानुवर्षे पुसून पुसून मी गुळगुळीत झालो. खिडकीतून ऊन आले की मी नुसता चमकायचो. मागची मुले आधी माना वाकड्या करून वाचायची. मग त्यांनी वाचणेच सोडले. कुणी जांभया देई, कुणी बाकावर रेघोट्या ओढी. वर्गशिक्षक रामप्रसाद सर त्यांना आळशी म्हणत.

पायल त्यांच्यातलीच. आठवीत गणितात रमणारी ही मुलगी नववीच्या चाचणीत नापास झाली. तिची आई गिरिजाबाई शेतमजुरी करायची. एक दिवस ती कामावरून तशीच वर्गात आली.

"सर, पोरीचं मन लागून न्हाई राह्यलं. नाव काढून द्या. येईल माझ्यासंगं कापूस येचायला."

पायल उभी राहिली. "मी शाळा सोडणार न्हाई. मला शिकायचंय, सर. पण इथून फळ्यावरचं काहीच दिसत न्हाई."

"मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं व्हतं. तुम्ही म्हणले, कामचोराला बहाणे बराबर सुचतात."

सर मागे गेले आणि पायलच्या जागेवर बसले. डोळे बारीक करून माझ्याकडे बघू लागले.

"मलाही दिसत नाही," ते म्हणाले. "चुकलं माझं, पायल."

"मंग सहामाहीपस्तोर राहू द्या नाव," गिरिजाबाई म्हणाली. "बघू."

शनिवारी सरांनी आणि मुलांनी मला खाली उतरवले. बॅटरीच्या जुन्या सेलमधला कोळसा कुटून भोपळ्याच्या पानांच्या रसात कालवला आणि माझ्या अंगावर घासला, तशी माझी चमक गेली. पायलने खिडकीला जुन्या साडीचा पडदा लावला. मागच्यांनी पाळीपाळीने पुढे बसायचे आणि अडले तर बेधडक विचारायचे, असे ठरले.

त्यानंतर पायल रोज मधल्या सुट्टीत माझ्यापुढे उभी राही. प्रमेय मांडी, चुके, पुसे, पुन्हा मांडी. हळूहळू मागच्या बाकांवरची इतर मुलेही येऊ लागली. "आधी मला सोडवू दे!" म्हणून खडूसाठी झोंबाझोंबी होई. किती वर्षांनी मी तो गोंगाट ऐकत होतो!

सहामाहीत पायल पहिली आली नाही, पण गणितात चांगल्या गुणांनी पास झाली. निकाल ऐकून गिरिजाबाईने पदराने तोंड पुसले. "सर, कापूस म्या एकटी येचीन. आता दहावी झाल्याबिगर हिला घरी धाडू नका."

मित्रांनो, आम्हा फळ्याबाकांची निगा राखा. आणि तुमच्या वर्गात कुणी गप्प गप्प होत चालले असेल, तर त्याला आळशी म्हणण्याआधी एकदा त्याच्या जागेवर बसून बघा.