पुलाच्या चढावर

रुपराव रामटेककडच्या खेड्यातला. घरची धानाची बांधी चार भावांत पुरेना, म्हणून तो बायकोला, जयवंताला, घेऊन नागपूरला आला आणि इतवारीत सायकलरिक्षा ओढू लागला. अड्ड्यावरचे बाकी सगळे रिक्षावाले छत्तीसगडचे. त्यांच्यातल्या बिसाहूने त्याला सवारी बसल्यावर हँडल कसं धरायचं ते शिकवलं आणि रेल्वेलाईनच्या मागे आपल्या झोपडीला लागून जागाही दिली. मधली कुडाची भिंत एकच. इकडे जयवंता खोकली की तिकडून बिसाहूची बायको विचारायची.

त्या वर्षी मे महिन्यात हुकूम निघाला की, इतवारीच्या गल्ल्यांत दिवसा रिक्षा न्यायच्या नाहीत. हातगाड्या आणि टेंपो अडतात अशी व्यापाऱ्यांची तक्रार होती. पण सवाऱ्या तर सगळ्या इतवारीच्याच. पहिल्याच दिवशी एक रिक्षावाला सवयीने आत शिरला. शिपायांनी त्याला भर बाजारात झोडपलं आणि रिक्षाचे टायर फाडले. संध्याकाळपर्यंत अड्ड्यावरच्यांनी संप पुकारला आणि सगळ्या रिक्षा साखळीने बांधून ठेवल्या. रुपरावनेही आपली बांधली.

सुरुवातीला लोकांना गंमत वाटली. पायी चालत एकमेकांना हसत होते. काहीजण तर म्हणाले, गरिबाच्या पोटावर पाय दिला, चूप कसे बसतील? पण ऊन चढत गेलं तशी लोकांची जीभ बदलली. धान्याची पोती डोक्यावर घेऊन बाया घरी जाऊ लागल्या, म्हातारे दवाखान्यात जाता येईना म्हणून घरीच पडून राहिले. टांगेवाले तोंडाला येईल ते मागायचे आणि दुपारी तेही गायब. पानठेल्यावर एकच बोलणं चालायचं, "आपल्या गावात येऊन आपल्यालेच वेठीस धरून राहिले." नळावर छत्तीसगडी बायांच्या पाण्याच्या गुंड्या रांगेतून उचलून बाजूला फेकल्या गेल्या. जयवंताला मात्र कोणी अडवलं नाही. ती आपलं पाणी भरायची, पुन्हा रांगेत लागायची आणि दुसरी गुंडी बिसाहूच्या घरात नेऊन ठेवायची. ते बायांनी पाहिलं आणि तिच्याशी बोलणं टाकलं.

कापडाचे दुकानदार भैयाजी म्हणजे मोहल्ल्याचे पुढारी. त्यांनी एकदा रुपरावला हाक मारली.

"तू त्या लोकायच्यात काहून बसला गा? तू तर आपला माणूस."

"मीही बाहेरूनच आलो ना, भैयाजी."

"रामटेक का बाहेर आहे? उद्यापासून रिक्षा काढ. तुले कोणी हात लावला तर आम्ही आहो."

रुपराव मान खाली घालून परत आला. त्याने रिक्षा काढली नाही.

एका दुपारी पुष्पलताबाई अनवाणीच धावत झोपडीशी आली. तिच्या पोरीला, चारुलताला, रुपराव रोज शाळेत न्यायचा, म्हणून तिला घर माहीत होतं. तिचे सासरे नानाजी बाजारातून पायी आले आणि ओट्यावरच कोसळले होते. अंग तव्यासारखं तापलेलं, शुद्ध नाही.

"रुपराव, मामंजीले लू लागली. हे कोराडीले ड्यूटीवर आहेत. टांगा भेटून नाही राहिला. पाया पडते तुमच्या."

रुपरावने बिसाहूकडे पाहिलं. बिसाहू दारात बसला होता. अड्ड्यावर त्याच्या शब्दाला मान होता. तो ताडकन उठला. "देखता क्या है, भाई? बुढवा को बिठा. रस्ते में कोई रोकेगा तो मैं बोलूँगा. चल, मैं साथ आता हूँ."

रिक्षा सोडून त्यांनी नानाजींना ओट्यावरून उचलून आत ठेवलं आणि पुष्पलताबाईने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. रुपरावने पायडल मारायला सुरुवात केली आणि बिसाहू मागून पळू लागला. चौकात संपातल्याच दोन माणसांनी रिक्षा अडवली, तेव्हा बिसाहू नुसतं "बीमार है" म्हणाला आणि ते बाजूला झाले. पुढे रेल्वेचा पूल. तो चढ एकट्याने चढणं कठीण. बिसाहूने मागच्या दांडीला हात घातला, डोकं खाली केलं आणि सगळ्या अंगाने रिक्षा लोटू लागला.

पुलावर उन्हात रखडत चाललेली माणसं होती. सामान, पोरं, घाम. त्यांना दिसली एक रिक्षा, तिच्यात बेशुद्ध म्हातारा आणि मागे दांडी धरून लटकलेला एक छत्तीसगडी. कोणीतरी ओरडलं, "अरे, अडवून राहिला तो! पेशंट आहे आत, तरी मागं ओढून राहिला!"

रिक्षा एकदम जड झाली. रुपरावने मागे वळून पाहिलं. बिसाहू खाली पडला होता आणि त्याच्याभोवती पायच पाय होते.

"अरे, तो ढकलून राहिला! आमच्यासोबतचा आहे तो!" रुपराव ओरडला. पाय थांबले तशी, ब्रेक दाबूनही, रिक्षा उतरणीला मागे घसरू लागली. नानाजींच्या तोंडातून घरघर येत होती.

"थांबू नका, रुपराव!" पुष्पलताबाई रडत म्हणाली. "मामंजी जातीन हो! आधी दवाखाना!"

रुपराव सीटवरून उभा राहिला आणि पायडलवर सगळा जीव टाकून चढ चढला. मागून बिसाहूचा आवाज एकदाच आला. पुन्हा आला नाही.

नानाजी वाचले नाहीत. रुपराव रिकामी रिक्षा घेऊन पुलावर परतला तेव्हा बिसाहू कठड्याला टेकून बसला होता. उजवा हात कोपरापासून भलतीकडेच वळलेला. रुपरावने त्याला रिक्षात बसवून त्याच दवाखान्यात नेलं.

दिवस मावळेपर्यंत मोहल्लाभर झालं, संपवाल्यांनी पुलावर रिक्षा अडवली म्हणून नानाजी गेले. अंत्ययात्रेला कधी नव्हे एवढी माणसं जमली. रुपराव पुढे होऊन सगळ्यांदेखत बोलला. "त्यानं अडवलं नाही. तोच पहिले उठला, बाप्पा. तो नसता तर चढ चढलाच नसता."

भैयाजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि लोकांकडे वळून म्हणाले, "दहशत पाहा. आपल्या माणसाले कसं धमकावलं आहे!" लोकांनी माना हलवल्या. रुपरावकडे सगळे प्रेमानेच पाहत होते.

तो पुष्पलताबाईच्या दारी गेला. ती बायांच्या घोळक्यात भिंतीला टेकून बसली होती.

"बाई, तुमी तर रिक्षातच होत्या. सांगा ना यायले."

तिने एकवार त्याच्याकडे पाहिलं. मग आजूबाजूच्या बायांकडे. "माझं ध्यान मामंजीकडे होतं," ती म्हणाली. "मले मागचं काही दिसलं नाही." आणि पदर तोंडाशी घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोक लाईनीमागे आले. त्यांत रुपरावच्या ओळखीचे किती तरी होते. पिठाच्या गिरणीवाला होता, चारुलताच्या शाळेचा शिपाई होता. त्यांनी एकामागून एक झोपड्या पाडल्या. जयवंता मधल्या कुडाला पाठ लावून उभी राहिली. "माझी भिंत आहे ही!" ती ओरडत होती. तिला कोणी धक्काही लावला नाही. एकाने तिला "सरका वं, वहिनी," असं म्हणून हाताला धरून नीट बाजूला केलं. बिसाहूची अर्धी झोपडी गेली आणि मधली भिंत उघडी पडली. रुपरावचं घर जसंच्या तसं राहिलं. पोलीस आले तेव्हा मोडायला काही उरलं नव्हतं.

संप तिथेच संपला. हुकूम कायम राहिला. बरेचजण बायकापोरं घेऊन गावी निघाले, बिसाहूही निघाला. प्लास्टरातला हात गळ्यात बांधून तो फलाटावर बसला होता. त्याची बायको रुपरावला पाहून पाठमोरी झाली.

"बुढवा बच जाता तो बात और थी," बिसाहू म्हणाला.

"बिसाहू, मी थांबलो असतो तर..."

"तो वो रिक्षा में ही मर जाता." बिसाहूने गळ्यात बांधलेला हात सावरला. मग त्याच्याकडे न बघताच म्हणाला, "फिर भी थांबना था, भाई."

गाडी आली. रुपरावने बोचकं उचलायला हात पुढे केला, पण ते बिसाहूच्या बायकोने आधीच डोक्यावर घेतलं होतं.

स्टेशनबाहेर येऊन त्याने रिक्षाची साखळी सोडली. तेवढ्यात एक गृहस्थ सामानासकट चढून बसले. त्याचं इकडचं बोलणं ऐकून खुशीत म्हणाले, "बरं झालं गा, ते लोक गेले. आता तरी आपल्या पोरायले धंदा भेटंल."

कुठं जायचं ते त्यांनी सांगितलं. रुपरावने पायडल मारलं.